मास्तरांची नटी

आयुष्यात एकही नटी जवळून पाहिलेली नसताना, नटीच्या प्रेमात पडून वाया गेलेल्या एका लेखकावर मी कादंबरी लिहायला घेतली. साल एकाहत्तर असावं. काष्टीपासून चार मैलांवरच्या एका गावात हायस्कूलवर मी मराठी शिकवायचो. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, राहायला पिठाच्या गिरणीमागची एक खोली. गिरणी सुरू असली की भिंत थरथरायची आणि कागदावर पिठाचा पातळ थर बसायचा. पान फुंकायचं, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा फुंकायचं, अशी ती कादंबरी पुढं सरकत होती.

गोष्ट साधी होती. पुण्यातला एक लेखक एका नटीवर जीव टाकतो. ती दौऱ्यावर निघते तेव्हा 'स्टेशनवर येतो' म्हणून सांगतो आणि जात नाही. ती डब्यात बसून ढसाढसा रडते, आणि दोघं कायमचे तुटतात. तो का जात नाही, हे मला काही केल्या ठरवता येत नव्हतं. पण तो गेला असता तर कादंबरी सातव्या प्रकरणातच संपली असती, म्हणून मी त्याला जाऊ दिलं नाही.

चूक एवढीच झाली की सगळं मी 'मी' म्हणून लिहिलं. आणि ती वही शुद्धलेखन तपासायला हेडमास्तरांकडे दिली.

चार दिवसांनी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"हे सगळं... झालंय?"

"सर, कादंबरी आहे ही."

"ते मला कळतं. पण यातला 'मी' कोण?"

"तो लेखक."

"आणि ही लिहिली कुणी?"

"मी."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "मग झालं की!"

हेडमास्तर माणूस सज्जन. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त वही वाचायला दिली. ती तिथून तलाठ्याकडे गेली, तलाठ्याकडून केस कापायच्या दुकानात. तिथं आठवडाभर तिचं जाहीर वाचन झालं. मी दाढीला गेलो तर न्हाव्यानं गालाला साबण लावता लावता हळूच विचारलं, "मास्तर, टेसनावर का गेला न्हाई वो तुमी?" वस्तरा गळ्याशी होता. मी म्हटलं, "चुकलं."

त्या एका शब्दानं सगळं पक्कं झालं.

चैत्रात गावची जत्रा. जत्रेला गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. आदल्या वर्षी नायिकेचं काम तालमीतल्या एका पैलवानानं केलं होतं आणि मिठीच्या प्रसंगात नायकाची बरगडी दुखावली होती. नायक म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी या वर्षी साफ सांगितलं की खरी बाई आणणार असाल तरच मी उभा राहतो. झालं, सरपंच आणि सेक्रेटरी दोघं माझ्या खोलीवर आले आणि पोत्यावर बसले.

"मास्तर," सरपंच म्हणाले, "तुमची वळख हाय. एक डाव तिला घिऊन या."

"कुणाला?"

"आता आमच्याच तोंडानं वदवता व्हय? तुमच्या बाईला."

"अहो, अशी कुणी बाई नाहीच. मी मनानं रचलंय ते सगळं."

सरपंचांनी सेक्रेटरींकडे बघितलं. "बघा, मानूस दुखावला की आसंच म्हनतो." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं गेलं इसरा. गावासाठी म्हनून इसरा."

गावासाठी म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. शिवाय खरं सांगायचं तर त्या दिवसांत गावात माझा भाव वाढला होता. पोरांना अलंकार शिकवणाऱ्या माणसाला कोण विचारतो? पण नटीला स्टेशनवर ताटकळत ठेवणारा मास्तर पंचक्रोशीत मी एकटाच होतो. ते एका वाक्यात घालवायचं माझ्या जिवावर आलं.

शनिवारी काष्टीचा बाजार असल्यानं एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी मी नगरला गेलो. छापखान्यातल्या एका ओळखीच्या माणसानं पत्ता दिला होता. गावोगावच्या नाटकांत कामं करणारी एक बाई होती, चांगली पाठांतराची, वेळ पाळणारी. ख्रिस्ती वस्तीत दोन खोल्यांचं कौलारू घर. दारात एक किडकिडीत गृहस्थ हार्मोनियमचं पोट उघडून बसले होते. ते तिचे नवरे. ती आत तांदूळ निवडत होती. पस्तिशीची असेल. तिचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे बोलणं अगदी स्वच्छ आणि समोरच्याची चूक लगेच धरणारं.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे तुमच्या गावात आपलं प्रेम होऊन मोडलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"मोडलं कुणी?"

"मी."

"का?"

"ते अजून ठरलेलं नाही."

तिनं दाराकडं बघितलं. नवऱ्यानं हातातला स्क्रू खाली ठेवला होता. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "वही आणलीय का?"

वही आणली होती. ती म्हणाली, "ठेवून जा. मागचं सगळं मला माहीत पाहिजे. तिथल्या बायका विचारणार, आणि मी अडकले तर तुमची शोभा होईल."

आठ दिवसांनी दोघं एसटीतून उतरली. पेटी टपावरून उतरवायच्या आधीच तिनं मला बाजूला घेतलं. "सर, सहाव्या प्रकरणात मी नुसता गजरा माळून विहिरीवर का जाते?"

"ते... सौंदर्य म्हणून."

"बाई विहिरीवर घागर घेऊन जाते," ती म्हणाली आणि पुढं निघाली. उतरणीच्या वाटेवर एक म्हैस आडवी उभी होती. तिला ती अदबीनं म्हणाली, "अहो, जरा सरकता का?"

कादंबरीतली नटी अविवाहित होती. त्यामुळे नवरे गावात पेटीवाले म्हणून राहणार, असं तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. तिची सोय सरपंचांच्या घरी बायकांत झाली, आणि पेटीवाल्याची माझ्या खोलीत. शाळेतल्या पहिल्याच तालमीला सेक्रेटरींनी त्यांना कोपऱ्यात घेऊन दम भरला, "पेटीवाले, पेटीकडं बघा. बाईकडं लई बघू नका. ती मास्तरांची हाय." ते बिचारे "बरं, बरं" म्हणाले, आणि त्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून पेटी वाजवायला लागले. लग्नाला बारा वर्षं झालेला तो माणूस आपल्या बायकोची नजर चुकवत शाळेच्या व्हरांड्यातून जायचा.

आणि माझी अवस्था याहून चमत्कारिक झाली. गावातल्या बायकांनी एका दिवसात तिची बाजू घेतली. तिनं काय सांगितलं देव जाणे, पण जे सांगितलं ते माझ्याच वहीतलं असणार. माझा डबा करणाऱ्या मावशींच्या भाकरी करपायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमाला बी येळ व्हतो मास्तर. तुमाला न्हाई का झाला टेसनावर जायाला?" सरपंचांच्या आई तर मला बघितलं की डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. जी गोष्ट मी केलीच नव्हती, तिची शिक्षा मी रोज दोन वेळा खात होतो.

दुपारी गिरणी बंद असायची तेव्हा खोलीत मी आणि तिचे नवरे. ऊन नको म्हणून दार लोटून आम्ही सतरंजीवर पडायचो. त्यांच्याकडं एक पेन्सिल होती आणि माझ्या वहीच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात खुणा केल्या होत्या.

"मास्तर, रागावणार नसाल तर सांगतो."

"सांगा ना."

"सातव्यात तुम्ही तिला फार रडवलंय. ती रडत नाही."

"मग काय करते?"

"भांडी घासते. घासलेली परत घासते. आमच्या घरात एक पातेलं आहे, त्याचं बूड आरपार दिसायला आलंय."

मी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की स्टेजवर जायच्या आधी ती जिभेवर मिठाचा खडा ठेवते. तिसऱ्या दिवशी सांगितलं की तिला शीळ वाजवता येत नाही, पण घरात कुणी नाही असं वाटलं की ती प्रयत्न करते, नुसती हवा निघते. लहानपणी एका म्हशीनं तिला गोठ्यात कोंडून धरलं होतं, तेव्हापासून ती सगळ्या जनावरांना 'अहो' म्हणते. हे सांगताना ते छताकडं बघून हसायचे.

मी रोज त्यांचं ऐकून प्रकरणं बदलत गेलो. गजरे गेले, मूर्च्छा गेल्या, उसासे गेले. त्या जागी पातेलं आलं, मीठ आलं, नुसती हवा निघणारी शीळ आली. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी तालमीत प्रॉम्प्टिंग करता करता माझ्या लक्षात आलं की मी वाक्य सांगायचं सोडून तिच्याकडं बघत बसलोय. हळूच जिभेवर मिठाचा खडा ठेवताना तिनं डोळे मिटले होते. परक्याच्या बायकोच्या प्रेमात मी तिच्या नवऱ्याच्या तोंडून पडलो होतो, आणि तो गृहस्थ तिथंच भिंतीकडं तोंड करून भूप वाजवत होता.

नाटक दिवसा झालं. आदल्या वर्षी गॅसबत्तीनं पडदा पेटला होता, म्हणून सरपंचांनी हट्टच धरला की यंदा उजेडात उरकायचं. चैत्रातलं ऊन, दुपारचे चार. दुसऱ्या अंकात चांदण्यातला प्रवेश. सेक्रेटरी आकाशाकडं हात करून म्हणाले, "प्रिये, हे चांदणं किती शीतल!" तेवढ्यात त्यांची चिकटवलेली मिशी घामानं अर्धी सुटून ओठावर लोंबायला लागली. प्रेक्षक डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते, पण कुणी हसलं नाही. ती अंगावर काटा आल्यासारखी पदर लपेटून म्हणाली, "खरंच, थंडी वाजतेय." पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं खरोखर स्वतःचं लुगडं आवरून घेतलं. इतकी ती चांगली नटी होती.

मग तिचं वाक्य आलं. नाटकातलंच होतं ते. "मी वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत."

सेक्रेटरींनी उत्तर द्यायचं होतं. पण सगळा मांडव मान वळवून विंगेकडं, म्हणजे माझ्याकडं, बघायला लागला. सेक्रेटरीही बघायला लागले. मी हलक्या आवाजात त्यांचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते घेतलं नाही. पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मी का बोलू? ज्यानं केलं त्यानं बोलावं."

लुगडं आवरलेली म्हातारी ओरडली, "आता का दातखिळी बसली मास्तरची?"

सरपंच उठून उभे राहिले. "मास्तर, वर या. बाईची माफी मागा. त्याबिगर नाटक फुडं जायाचं न्हाई."

हाताला धरून मला वर नेलं. प्रॉम्प्टिंगची प्रत माझ्या हातात होती, ती हेडमास्तरांनी काढून घेतली. उन्हानं डोळ्यांसमोर पिवळं झालं होतं. समोर ती उभी, गळ्यात नाटकातलं मंगळसूत्र, कपाळावर कुंकू वितळलेलं. मला तिची चीड आली नाही, गावाचीही आली नाही. मला एकदम वाटलं की हिला कुणीतरी कधीतरी खरंच स्टेशनवर ताटकळत ठेवलं असेल, आणि त्याच्या वतीनं बोलायला आज मी सापडलोय.

"मी यायला हवं होतं," मी म्हणालो. "का आलो नाही ते मला माहीत नाही. माझ्याकडं कारण नाही. तुम्ही डब्यात रडला नाहीत, हे मला नंतर कळलं. मला माफ करा."

एवढंच.

आता तिचं वाक्य होतं आणि ती बोलेना. प्रॉम्प्ट करणारा मीच, आणि मला काही आठवेना. मागं पेटी हळूच वाजायला लागली. पोकळी पडली की ती भरायची, हे त्यांचं काम होतं. दोन आवर्तनं झाली. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी नीट लिहा."

टाळ्या थांबेनात. माझ्यावर कुणीतरी रेवड्या उधळल्या. सेक्रेटरींनी मला मिठी मारली, त्यांची मिशी माझ्या गालाला चिकटली, आणि नाटक पुढं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काष्टीला गाडीत बसवायचं होतं. मी या खेपेला चुकू नये म्हणून गावानं काळजी घेतली. उजाडल्यावर चौघं जण येऊन मला उठवून घेऊन गेले. बैलगाडीत मला मधोमध बसवलं होतं, पळून जाईन म्हणून. स्टेशनवर मात्र सगळे शहाण्यासारखे लांब उभे राहिले, पाठ करून. पेटीवालेही समजुतीनं पेटी उचलून प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले. मला तिच्याशी बोलायला तिच्या नवऱ्यासकट सगळ्यांनी जागा करून दिली होती.

"बाई, काल मी जे बोललो ना," मी म्हणालो, "ते नाटक नव्हतं."

"मला कळलं."

"कसं?"

"पंधरा वर्षं काम करतेय. खोटं बोलणारा माणूस हात कुठं ठेवायचे ते ठरवून येतो. तुमचे हात नुसते लोंबत होते."

मी हातांकडं बघितलं. ते आत्ताही लोंबत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय सर? काही नाही." तिनं माझ्याकडं बघितलं, त्यात दया नव्हती आणि थट्टाही नव्हती. "फक्त यांना सांगू नका. ते तुमच्या वहीत फार रमलेत. यातला माणूस खरा आहे असं कळलं, तर त्यांच्यानं पुढं वाचवणार नाही."

गाडी आली. ती चढली. तिचे नवरे पेटीसकट दुसऱ्या डब्यात चढले, कारण गाव बघत होतं. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि हात हलवत ओरडले, "मास्तर, नवव्या प्रकरणात घाई करू नका!"

 परतताना बैलगाडीत सेक्रेटरींनी मला अर्धी सुपारी दिली. हेडमास्तरांनी त्या दिवशी माझे तास दुसऱ्याला लावून दिले. डब्यातली भाकरी पुन्हा नीट यायला लागली, वर ठेचासुद्धा. महिनाभर मी गावात असा वावरत होतो की जणू माझ्या घरातलं कुणी गेलंय आणि लोक सांभाळून घेताहेत. गंमत म्हणजे मला ते खरंच हवं होतं.

पुढच्या वर्षी तिला परत आणायचं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पण पाऊस गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. जत्रा नारळ फोडून उरकली. गावोगावची नाटकं बंद पडली. तिच्या नवऱ्यांची कार्डं येत असत. एकात त्यांनी लिहिलं की ती आता मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवते, पगार बरा आहे, 'आणि लेखन कुठवर आलं?' मी खोटंच कळवायचो की येतंय.

खरं तर ते संपलं होतं. पाऊस परत लागला त्या वर्षी मी हस्तलिखित घेऊन पुण्याला गेलो. प्रकाशक वयस्कर होते. त्यांनी महिन्यानं मला बोलावून घेतलं.

"बाई झकास उतरलीय," ते म्हणाले. "मीठ, पातेलं, ते शिट्टीचं, फारच छान. पण तुमचा हा लेखक पटत नाही. हिच्याबद्दल इतकं माहीत असलेला माणूस प्रियकर नसतो हो, नवरा असतो. हिला नवरा देता येईल का बघा, मग मी छापतो."

मी म्हणालो, बघतो. पण मला ते जमलं नाही. नवरा घातला की लेखकाला काही कामच उरत नव्हतं. पुढं माझी बदली राहात्याकडं झाली, लग्न झालं, दुसरी दोन पुस्तकं आली, ती शेतीवरच्या शाळकरी कथांची. ही वही छापलीच गेली नाही.

सात-आठ वर्षांनी पेपर तपासायच्या कामाला नगरला गेलो होतो. कापडबाजारात एका दुकानात ती रिळं घेताना दिसली, बरोबर शाळेच्या मुली. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं मला लगेच ओळखलं आणि मुलींना म्हणाली, "हे लेखक आहेत."

"काय काय लिहिलंय तुम्ही?" एका मुलीनं विचारलं.

मी सांगायच्या आधी तीच म्हणाली, "माझ्यावर एक लिहिलंय. बऱ्यापैकी आहे, पण विहिरीपाशी थोडं घसरलंय." मग मला म्हणाली, "चहाला चला. हे घरीच आहेत."

मी गेलो. नवऱ्यांनी मला बघून 'अरे!' म्हणत दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. चहा झाला. चहात साखर भयंकर पडली होती. ती म्हणाली यांनी टाकली, ते म्हणाले हिनंही टाकली. त्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं, आणि ती ताडकन उठून मोरीत जाऊन कप घासायला लागली. मी माझा चहा संपवला आणि पाचच्या एसटीनं घरी आलो.